वेलभाज्यांसाठी कमी खर्चाचे आधार: तिकाटणे, ताटी आणि मांडव उभारण्याची रीत

परसबागेत दोडका, कारले किंवा घेवडा लावायचा ठरला की बियाण्याची चौकशी सगळेच करतात. वेल चढणार कशावर, हा विचार मात्र तो हातभर वाढून जमिनीवर लोळू लागल्यावर सुरू होतो. मग हाताला लागेल ती काठी रोवली जाते, तिला दुकानातून आणलेली हिरवी नायलॉनची जाळी बांधली जाते, आणि वेल फळांनी भरला की एखाद्या पावसात सगळेच आडवे होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आधाराचे साहित्य मुबलक मिळते आणि पुष्कळदा फुकटही मिळते. त्यामुळे येथे खर्चापेक्षा नियोजनाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

कोणत्याही आधाराचे दोन भाग असतात. एक म्हणजे सांगाडा, म्हणजेच खांब, आडवे बांबू आणि ताण (खांबाला बाहेरून खुंटीकडे ओढून धरणारी तार). दुसरा म्हणजे वेलाने प्रत्यक्ष धरायची वस्तू, मग ती सुतळी असो, तार असो की काटक्या. ओझे आणि वारा सांगाडा सोसतो. सुतळीला एका हंगामापुरते टिकले तरी पुरते. हातातील पैशांपैकी बराचसा भाग सांगाड्यावर खर्च करावा आणि धरण्याच्या साहित्यात खुशाल काटकसर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक ठिकाणी जाळी महागाची आणि खांब तकलादू, असा उलटा प्रकार दिसतो.

वेल चढतो कसा, हे आधी पाहावे

सगळ्या वेलांना एकच आधार चालत नाही, कारण त्यांची चढण्याची पद्धत वेगवेगळी असते. काकडी, कारले, दोडका, घोसाळी, पडवळ, दुधी, तोंडली आणि मटार ही मंडळी ताण्यांनी, म्हणजे वेलाला फुटणाऱ्या दोऱ्यासारख्या तंतूंनी, धरतात. कारल्याचा कोवळा ताणा जवळून पाहिला तर तो केसासारखा बारीक आणि जवळजवळ सरळ असतो. सुतळीचा स्पर्श झाला की टोकाकडून तो तिला वेढे घालतो, आणि धरून झाल्यावर मधल्या भागात गुंडाळत जाऊन वेलाला आधाराजवळ ओढून घेतो. या गुंडाळीच्या मध्यावर वळण उलट फिरलेले असते, म्हणजे अर्धे वेढे एका दिशेचे आणि अर्धे दुसऱ्या दिशेचे. वाऱ्याने वेल हलला की ही गुंडाळी ताणली जाते, तुटत नाही. अशा ताण्याला धरायला बारीक वस्तू लागते. सुतळी, तार किंवा पेन्सिलीपेक्षा बारीक काटकी त्याला चालते. तीन इंच जाडीचा गुळगुळीत पीव्हीसी पाइप त्याच्या काही उपयोगाचा नाही.

वेलवर्गीय घेवडा, पावटा, डबल बी, वेली चवळी आणि मायाळू यांना असे ताणे नसतात. यांचे खोडच आधाराला विळखे घालत वर जाते. त्यांना उभी, खरबरीत, अंगठ्याएवढी काठी मनापासून मानवते. आडव्या तारांच्या जाळीवर ते गोंधळतात आणि शेंडे हवेत भिरभिरत राहतात. घेवड्याचा विळखा वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जातो. त्यामुळे सुटलेला शेंडा काठीभोवती गुंडाळताना त्याच दिशेने फिरवावा, नाहीतर तो स्वतःला पुन्हा सोडवून घेतो.

टोमॅटो कशालाच धरत नाही, त्याला बांधावेच लागते. श्रावणघेवड्याच्या आणि चवळीच्या बुटक्या वाणांना तर आधाराची गरजच नसते, म्हणून पाकिटावर वाण झुडपी आहे की वेली, हे आधी वाचून घ्यावे.

सामान कोठून आणावे

खांबांसाठी बांबू हा सर्वांत सोयीचा. पाटण, जावळी, महाबळेश्वर या पश्चिमेकडच्या भागांत तो घराच्या आसपासच मिळतो. पूर्वेकडे बाजारातून आणावा लागतो. किमान तीन वर्षांचा पक्का बांबू निवडावा. कोवळ्या बांबूवर पांढरट भुकटी आणि आवरणाची पाने शिल्लक असतात, तर पक्का बांबू निस्तेज दिसतो आणि त्यावर टिचकी मारली असता टणक आवाज येतो. पावसाळा सरल्यावर थंडीत तोडलेला बांबू अधिक टिकतो. बांबूतील पिष्टमय अंशावर भुंगेरा तुटून पडतो आणि मग काठीतून पिवळसर भुकटी गळू लागते. हे टाळण्यासाठी तोडलेल्या काठ्या दोन ते तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवाव्यात व नंतर सावलीत उभ्या वाळवाव्यात. लांब बांबू विकत घेतल्यास बुडाकडचा जाड अर्धा भाग खांबाला आणि शेंड्याकडचा अर्धा भाग आडव्या दांड्याला वापरावा. वरचे टोक नेहमी गाठीच्या लगेच वर कापावे. पेराच्या मधोमध कापल्यास पोकळीत पावसाचे पाणी साचते, खांब वरून कुजतो आणि त्यात डासांची पैदास होते ती वेगळीच.

सांगली जिल्ह्यातील वाचकांना आणखी एक सोय आहे. तासगाव, मिरज, पलूस, कवठे महांकाळ या द्राक्षपट्ट्यात जुनी बाग काढली की मांडवाचे लोखंडी अँगल आणि जस्ताचा मुलामा असलेली तार भंगाराच्या भावाने निघते. गंज न लागलेली अशी तार परसबागेत पुढची अनेक वर्षे सहज निघते. अँगल मिळाल्यास बांबूचा विचारही करू नये. एवढेच की उन्हाळ्यात दुपारी लोखंड इतके तापते की हात टेकवत नाही, म्हणून वेल ज्या खांबाच्या अंगाने चढवायचा त्याला गोणपाट किंवा सुतळी गुंडाळावी.

याच पट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीत निघालेल्या द्राक्षाच्या काड्या बांधावर पडलेल्या असतात. मटाराची पेरणीही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, त्यामुळे या काड्या मटाराला अगदी वेळेवर मिळतात. द्राक्षावर फवारण्या बऱ्याच होतात. काड्या धुऊन आणि काही दिवस उन्हात कडक वाळवून मगच बागेत आणाव्यात. वाळवल्याने त्या रोवल्या जागी फुटण्याची शक्यताही राहत नाही. तुरीच्या तुऱ्हाट्या डिसेंबर-जानेवारीनंतर मिळतात, त्या उन्हाळी काकडीच्या कामी येतात.

तार किलोवर मिळते आणि आपल्याला ती मीटरमध्ये हवी असते, म्हणून हिशेब माहीत असावा. गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप; आकडा मोठा तितकी तार बारीक. एका किलोत 10 गेजची तार साधारण 15 मीटर, 12 गेजची 23 मीटर आणि 14 गेजची 39 मीटर भरते. परसबागेच्या ताटीला 14 गेज पुरेशी असते, मांडवाच्या कडेला 12 गेज वापरावी. द्राक्षबागेतील 8 किंवा 10 गेजची तार हाताने वळवणे जड जाते. ती ताणासाठी राखून ठेवावी.

धरण्यासाठी तागाची सुतळी उत्तम. ती हंगामभर टिकते आणि शेवटी वाळलेल्या वेलासकट खतखड्ड्यात जाते. बांबूला बांबू बांधायला काथ्या घ्यावा. तो भिजवून घेतल्यास मऊ पडतो आणि घट्ट आवळता येतो. खोड बांधण्यासाठी जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या किंवा केळीचे वाळलेले सोप वापरावे. ठिबकच्या टाकाऊ नळीचे तुकडे उभे चिरून तारेवर चढवले की खोड तारेला घासून कापले जात नाही.

नायलॉनची जाळी घ्यायचीच असेल तर चार ते सहा इंचांच्या घरांची घ्यावी. बारीक घरांच्या जाळीत काकडी अडकून वेडीवाकडी वाढते आणि तोडताना हातही आत जात नाही. ही जाळी जमिनीला टेकू देऊ नये, खाली किमान एक फूट मोकळे सोडावे. जमिनीलगतच्या जाळीत साप अडकून मरतात, आणि अडकलेला जिवंत साप सोडवण्याचा प्रसंग कोणावरही येऊ नये.

जमीन, वारा आणि दिशा

कृष्णा, कोयना, वारणा यांच्या काठची जमीन काळी आणि खोल आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि त्यात नुसता ठोकलेला खांब एका हंगामात डुलू लागतो. अशा जमिनीत दोन फूट खोल व एक वीत रुंद खड्डा पहारीने घ्यावा, तळाशी सपाट दगड ठेवावा, खांब उभा करून भोवती मुरूम आणि दगडांचे तुकडे थराथराने भरावेत आणि प्रत्येक थर पहारीच्या बोथट टोकाने ठोकून बसवावा. निघालेली काळी माती पुन्हा त्याच खड्ड्यात घालू नये. वर मातीचा लहानसा उंचवटा करावा म्हणजे पाणी खांबाशी न साचता बाहेर वाहते.

माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत बऱ्याच ठिकाणी फूटभर खाली मुरूम लागतो. तेथे दीड फूट खोलीही पुरते, कारण मुरमात खांब घट्ट बसतो. मात्र खड्डा घेणे कष्टाचे असते, म्हणून आदल्या संध्याकाळी जागेवर घमेलेभर पाणी ओतून ठेवावे. या भागात वर्षाचा पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास असल्याने बांबू कुजण्यापेक्षा वाळवीचे भय मोठे असते. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबराचा पातळ हात देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. वाहनाचे जळके ऑइल लावण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ज्या मातीतील भाजी आपण खाणार त्या मातीत ते मुरू देणे मला पटत नाही. महाबळेश्वराच्या बाजूला, जेथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे कोणताही उपाय केला तरी बांबूचा खांब फार वर्षे टिकेल अशी अपेक्षा धरू नये.

दिशेविषयी पुस्तकी नियम असा की ताटी दक्षिणोत्तर असावी, म्हणजे सकाळचे ऊन एका बाजूला आणि दुपारनंतरचे दुसऱ्या बाजूला मिळते. नियम बरोबर आहे, परंतु पावसाळ्यातील पश्चिमेचा वारा अशा ताटीच्या पूर्ण अंगावर येतो. उघड्या माळावरील किंवा डोंगरकडेच्या घरांनी म्हणून ताटी पूर्व-पश्चिम उभारावी आणि ती वाफ्याच्या उत्तर कडेला घ्यावी. मेच्या पूर्वार्धात आणि पुन्हा जुलैअखेरीच्या सुमारास आपल्याकडे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, त्यामुळे पावसाळी पिकात सावलीचा प्रश्न फारसा नसतो. हिवाळ्यात मात्र सावली उत्तरेकडे लांबते, आणि ताटी उत्तर कडेला असली की ती वाफ्यातील मेथी-कोथिंबिरीवर पडत नाही. आडोशाच्या, भिंतींनी वेढलेल्या परसात दक्षिणोत्तर ताटीच चांगली.

तिकाटणे: घेवड्यासाठी तासाभराचे काम

सात ते आठ फुटांच्या अंगठ्याएवढ्या जाड तीन किंवा चार काठ्या घ्याव्यात. जमिनीवर अडीच-तीन फूट व्यासाचे वर्तुळ आखून त्यावर सारख्या अंतराने काठ्या सहा-आठ इंच खोल रोवाव्यात आणि टोके वरून वीतभर खाली काथ्याने एकत्र बांधावीत. बांधताना काथ्या प्रत्येक काठीच्या आलटून-पालटून पुढून व मागून न्यावा आणि शेवटी काठ्यांच्या मधून आडवे वेढे देऊन आवळावा. नुसते भोवती गुंडाळलेले बंधन घसरते. प्रत्येक काठीच्या बुडाशी तीन बिया टोकून उगवणीनंतर दोन रोपे ठेवावीत.

काठ्या कमी असतील तर सायकलच्या जुन्या रिंगचा उपयोग करावा. मधोमध एक भक्कम खांब रोवून त्याच्या डोक्यावर रिंग आडवी बांधावी, आरे ओवण्याच्या भोकांपैकी दर तिसऱ्या भोकातून सुतळी सोडून ती खाली खुंट्यांना ताणून बांधावी. हा छत्रीसारखा आधार अंगणात शोभतोही, आणि त्यावरच्या शेंगा सर्व बाजूंनी तोडता येतात.

ताटी: परसबागेतला सर्वांत उपयोगी आधार

एकच आधार करायचा असेल तर ताटी करावी, असे मी सुचवेन. काकडी, कारले, दोडका, वेली चवळी, मटार हे सर्व तिच्यावर चालतात, जागा कमी लागते आणि तोडणी उभ्याने होते. दहा फूट लांबीच्या ताटीला आठ फुटांचे तीन खांब, दहा फुटांचा एक आडवा बांबू, 14 गेजची साधारण 12 मीटर तार, म्हणजे पाव किलोहून थोडी जास्त, आणि 35 ते 40 मीटर सुतळी लागते. शिवाय ताणासाठी थोडी जाड तार आणि दीड-दोन फुटांच्या चार खुंट्या लागतात.

प्रथम दोरी लावून सरळ रेघ आखावी. दोन टोकांना आणि मध्यभागी दोन-दोन फूट खड्डे घेऊन वर सांगितल्याप्रमाणे खांब उभे करावेत. टोकाचे खांब किंचित, म्हणजे वरच्या टोकाशी दोन-तीन इंच, बाहेरच्या बाजूला झुकते ठेवावेत. तारेचा ताण आणि वेलाचे वजन त्यांना पुढे आत ओढतेच. खांब बसवल्यावर दोन दिवस त्यांना हात लावू नये, आणि मधे पाऊस पडला तर मुरूम पुन्हा ठोकून घ्यावा.

नंतर आडवा बांबू खांबांच्या डोक्यावर ठेवून काथ्याने बांधावा. येथे खिळा मारण्याचा मोह आवरावा, कारण खिळ्याने बांबू उभा चिरतो आणि ती चीर पावसात वाढत जाते. प्रथम उभ्या खांबाला गाठ मारून आडव्या बांबूवरून तिरके तीन-चार वेढे घ्यावेत, मग विरुद्ध तिरके तेवढेच, आणि शेवटी दोन्ही बांबूंच्या मधून दोन वेढे देऊन बंधन आवळावे. आवळण्याचे हे शेवटचे दोन वेढे राहिले तर बंधन महिन्याभरात ढिले पडते.

तार दोन ओळींत लावावी. पहिली जमिनीपासून एक वीत उंचीवर, दुसरी मध्यावर. टोकाच्या खांबाला तारेचे दोन वेढे देऊन ती स्वतःभोवतीच पक्कडीने पिळावी, दुसऱ्या टोकाला ओढून तसेच करावे. मधल्या खांबाला एकच वेढा पुरतो. आता वरच्या बांबूपासून खालच्या तारेपर्यंत दर आठ इंचांवर एक उभी सुतळी बांधावी आणि मधल्या तारेला तिचा एक वेढा द्यावा. सुतळी सतारीच्या तारेसारखी ताणू नये, ती पावसात भिजून आखडते. बोटाने दाबल्यास इंचभर आत जाईल इतपत सैल ठेवावी.

शेवटचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे काम म्हणजे ताण. दोन्ही टोकांच्या खांबांच्या वरच्या भागापासून ताटीच्या रेषेत बाहेरच्या बाजूला एक-एक तार खाली खुंटीला न्यावी. खांब जमिनीवर सहा फूट असेल तर खुंटी त्याच्यापासून साधारण पाच-सहा फुटांवर असावी, आणि ती ठोकताना तिचे डोके खांबापासून दूर कलते ठेवावे, म्हणजे ओढ बसली तरी ती उपटत नाही. उरलेल्या दोन खुंट्या मधल्या खांबाच्या दोन्ही अंगांना ठोकाव्यात. पावसाळी वारा पश्चिमेचा हे खरे, पण वळवाचा वारा कोणत्या बाजूने येईल याचा नेम नसतो, आणि एप्रिल-मेमध्ये कारली-काकडीची ताटी नेमकी भरात असते. ताणाच्या तारेला रंगीत चिंधी बांधावी. लहान मुले अंगणात धावताना तारेला अडखळतात.

खांबांसाठी बांबू नसल्यास बांधकामातून उरलेली 10 किंवा 12 मिलिमीटरची सळई दीड फूट जमिनीत ठोकून तिच्यावर जुना पीव्हीसी पाइप चढवावा. पाइप एकटा वाकतो, सळई एकटी लवते, दोन्ही मिळून मात्र हलक्या ताटीला पुरेसा खांब होतो. दुधी किंवा दोडक्याच्या ओझ्याला हा खांब वापरू नये.

मांडव: दोडका, दुधी, घोसाळी, पडवळ आणि तोंडली

ही फळे लोंबकळत वाढली की सरळ आणि एकसारख्या रंगाची होतात. दोडका जमिनीवर वाढला तर वाकतो, मातीकडची बाजू पिवळी पडते आणि ओल्या दिवसांत सडते. पडवळ सरळ राहावे म्हणून कोवळ्या फळाच्या टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे, फक्त दगड लिंबापेक्षा मोठा नसावा.

दहा फूट बाय आठ फूट मांडव घरच्या गरजेला भरपूर होतो. त्याला सहा खांब लागतात, चार कोपऱ्यांना आणि दोन लांब बाजूंच्या मध्यावर. उंची ठरवताना नुसती स्वतःची उंची पाहू नये. फळे मांडवाखाली फूट-दोन फूट लोंबतात, म्हणून मांडव जमिनीपासून साडेसहा फुटांवर घ्यावा आणि खांब साडेआठ फुटांचे कापावेत. याहून उंच केल्यास तोडणीला दरवेळी स्टूल लागते आणि वरची फळे दुर्लक्षित राहून जून होतात.

खांब उभे करण्याची रीत ताटीप्रमाणेच. चारी कोपरे काटकोनात आहेत का, हे पाहण्यासाठी दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते सारखे भरले की चौकट बरोबर आली. खांबांच्या डोक्यांवर चारी बाजूंनी आडवे बांबू बांधावेत. बांबू कमी असल्यास दोन लांब बाजूंना बांबू आणि दोन आखूड बाजूंना 12 गेजची तार दुहेरी पिळून लावावी. यानंतर आठ फुटांच्या रुंदीत दर दीड फुटावर 14 गेजची तार ओढावी. अशा सहा तारांना वेढ्यांसह सुमारे 18 मीटर, म्हणजे अर्धा किलो तार लागते. तिच्यावर दहा फुटांच्या लांबीत दर फुटावर सुतळी घालावी आणि प्रत्येक तारेशी तिला एक वेढा द्यावा. फुटाची घरे फार मोठी वाटतील, परंतु वेल स्वतःच्या फांद्यांनी ती महिन्याभरात भरून काढतो, आणि घरे मोठी असली की फळ आपोआप खाली उतरते. दाट जाळीवर दोडका वरच्या बाजूलाच अडकून बसतो व शोधूनही सापडत नाही.

चारी कोपऱ्यांना बाहेरच्या बाजूला तिरके ताण द्यावेत. जागा नसेल तर कोपऱ्याचा खांब आणि आडवा बांबू यांच्यामध्ये दोन-अडीच फुटांची तिरकी काठी बांधावी. पावसाने भिजलेल्या पानांचे वजन आणि एक किलोवर गेलेले दुधी एकाच बाजूला आले तर विना-ताणाचा मांडव हळूहळू त्या बाजूला झुकतो आणि मग सरळ होत नाही.

एवढ्या मांडवावर दोडक्याचे तीन किंवा दुधीचे दोन वेल पुरे. हौसेने पाच-सहा वेल सोडले की खाली अंधार होतो, हवा खेळत नाही आणि भुरी व केवडा हे पानांवरचे बुरशीजन्य रोग बळावतात. तोंडली बहुवर्षायू असल्याने तिचा मांडव एकदाच, लोखंडी अँगलचा किंवा दगडी खांबाचा करावा आणि त्यावर दुसरे काही चढवू नये. लाल भोपळा मांडवावर घेऊच नये. घेतलाच तर प्रत्येक फळाला जुन्या कापडाची झोळी करून ती तारेला बांधावी, वेलाला नव्हे.

मिरज तालुक्यातील पानमळ्यांत पानवेल शेवरी-शेवग्यासारख्या जिवंत झाडांवर चढवतात. घरी शेवग्याची फांदी लावून तिच्यावर पावटा किंवा डबल बी सोडता येते. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, म्हणून दुधीसारखा जड वेल त्याच्यावर देऊ नये.

टोमॅटो आणि गच्ची

टोमॅटोला प्रत्येक झाडाशेजारी चार-पाच फुटांची काठी, रोप लावतानाच, रोवावी. नंतर रोवल्यास मुळे दुखावतात. कापडाची पट्टी आधी काठीला घट्ट बांधून मग खोडाभोवती आठच्या आकड्यासारखी सैल फिरवावी, म्हणजे खोड जाड झाले तरी आवळले जात नाही.

गच्चीवर स्लॅबला भोक पाडून खांब बसवू नये, गळती सुरू होते. रंगाच्या 20 लिटरच्या रिकाम्या बादलीत खांब उभा करून वाळू आणि दगड भरावेत. काँक्रीट भरल्यास एका बादलीचे वजन सुमारे 48 किलो होते व ती पुन्हा हलवणे अवघड जाते. बादल्या स्लॅबच्या मध्यावर न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या वर ठेवाव्यात आणि खांबांची डोकी कठड्याला बांधून घ्यावीत. गच्चीवर वारा जास्त असल्याने ताटी पाच फुटांहून उंच करू नये.

वेलाला वळण देणे

आधार पेरणीपूर्वी किंवा रोप वीतभर होण्याच्या आत तयार असावा. रोपापासून मांडवापर्यंत एक सुतळी सोडावी; ती खाली खोडाला न बांधता शेजारी रोवलेल्या खुंटीला बांधावी. दुधी, कारले आणि दोडका मांडवावर पोहोचेपर्यंत खालच्या बगलफुटी काढत जाव्यात आणि वेल मांडवाच्या वर फूटभर गेला की शेंडा खुडावा. त्यामुळे वर बगलफांद्या फुटतात, आणि या वेलांची मादी फुले मुख्यत्वे बगलफांद्यांवर येतात. दोडक्याची आणि दुधीची फुले संध्याकाळी उमलतात. फुले गळत असतील तर त्या वेळी नर फूल तोडून त्याचा परागकोश मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावा. हे काम हाताच्या उंचीवर झाले पाहिजे, हेही मांडव बेताचा ठेवण्याचे एक कारण आहे. फळमाशीसाठी क्यू ल्युअरचा (नर माशीला ओढून घेणाऱ्या गंधाचा) सापळा मांडवाच्याच तारेला टांगावा.

एका जागी सतत काकडीवर्गीय वेल घेऊ नयेत. ताटीवर पावसाळ्यात दोडका, थंडीत मटार किंवा घेवडा आणि जानेवारी-फेब्रुवारीत लावलेले कारले असा क्रम ठेवल्यास वर्षभर आधार रिकामा राहत नाही आणि मातीलाही पालट मिळतो. कारल्यानंतर पुन्हा दोडकाच घ्यायचा असेल तर तो दुसऱ्या ताटीवर न्यावा.

हंगाम संपल्यावर वेल बुडाशी कापून आठवडाभर तसाच वाळू द्यावा; हिरवा वेल ओढल्यास तारा वाकतात. वाळल्यावर सुतळी वरून कापून वेलासकट खाली घ्यावी. केवडा किंवा विषाणूरोगाने ग्रासलेला वेल खतखड्ड्यात न टाकता वेगळा नष्ट करावा. नायलॉनची जाळी असेल तर हे काम कंटाळवाणे होते, एकेक ताणा सोडवत बसावे लागते, आणि सुतळी वापरण्याचे खरे सुख त्या दिवशी कळते. काढता येणाऱ्या काठ्या धुऊन, वाळवून, जमिनीपासून वर दोन आडव्या दांड्यांवर ठेवाव्यात. खांब रोवलेलेच ठेवायचे असल्यास मे महिन्यात प्रत्येक खांब दोन्ही हातांनी हलवून पाहावा, बुडाशी पहारीचे टोक टोचून पाहावे, आणि जो मऊ लागेल तो पाऊस सुरू होण्यापूर्वी बदलावा.